अर्ध्या वाटेवरून उठवलेली

त्या रविवारी मला फक्त एक घंटा जप्त करून आणायची होती. एवढंच काम. सार्जंट ब्लॅकेट म्हणाला, "जगेसर, टेकडीवर मदर अर्सिलाच्या झोपडीत ते शाउटर पुन्हा जमलेत. घंटा उचल, नावं लिही आणि चहाच्या आत परत ये."

तेव्हा त्रिनिदादात कायदाच तसा होता. प्रार्थनेत घंटा वाजवली, हातात फुलं धरून डोललं, मोठ्यानं हाक मारली, की गुन्हा. शाउटर लोक नाव ख्रिस्ताचंच घ्यायचे, पण आफ्रिकेहून धरून आणलेल्या आज्यापणज्यांच्या रीतीनं. ती रीत साहेबांना सोसवत नसे. मला काय सोसवतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी जन्मानं हिंदू. मिशनच्या शाळेत शिकलो, सॅम्युएल झालो आणि पोलिसात लागलो.

दुपारचे दोन वाजले असतील. उसातून चढून जाताना घंटा सारखी ऐकू येत होती. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि ती थांबली. कुणी पळालं नाही. आत मेणबत्त्यांचा, ओल्या मातीचा, चुरगळलेल्या पाल्याचा वास. सात-आठ बायका भिंतीला टेकून उभ्या. मधोमध भुईवर एक पोरगी निजलेली, डोळ्यांवर रंगीत पट्ट्या घट्ट बांधलेल्या.

"ही कोण?"

"क्लोटिल्डा," मदर कुजबुजली. "शोकाला निजलीये, आमचं उपासाचं व्रत असतं ते. आज सहावा दिवस. जीव प्रवासाला गेलाय तिचा. हळू बोल, बाळा... मधेच उठवलं तर परतीची वाट चुकेल."

"मदर, उगाच मला अडचणीत आणू नका. घंटा द्या."

मी घंटा उचलली. तेवढ्यात भुईवरची पोरगी बोलली. आवाज पोरीचा नव्हता. जाडसर, कफानं भरलेला, म्हाताऱ्याचा.

"लोटन... लकडी ना मिलल का, बबुआ?"

लोटन म्हणजे मी. लहानपणी हट्ट करून लोळायचो म्हणून बापानं ठेवलेलं नाव. घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. आणि क्लोटिल्डा कोकोच्या मळ्यावर वाढलेली, तिला आमच्या भोजपुरीचा गंधही नव्हता.

लाकडांचं सांगतो. त्या रविवारच्या दोन वर्षं आधी बाप गेला. मरताना म्हणाला होता, मला पुरू नका रे, मातीत जीव गुदमरतो. पण आमच्या लोकांना प्रेत जाळायची मुभा नव्हती. रामदहिनदादानं नदीकाठी गुपचूप चिता रचली. मला कळलं. नोकरी जाईल या भीतीनं मीच वर्दी चढवून गेलो आणि लाकडं मोडायला लावली. दादा म्हणाला, "वा साहेब! बापाला आग देऊ देत नाहीस, निदान टोपी काढून रड तरी." त्याच संध्याकाळी बापाला गावच्या दफनभूमीत पुरलं.

घंटा जागच्या जागी ठेवून मी परतलो. वहीत लिहिलं, 'कोणी आढळलं नाही.'

"कानात मेण ओतलंय का तुझ्या?" ब्लॅकेट कडाडला. "घंटा मला इथून ऐकू येतेय!"

"सार्जंट, एक पोरगी निजलीये तिथे... उद्यापर्यंत थांबा."

"का, उद्या देव सुट्टीवर जाणार आहे?"

चौघांना घेऊन तो स्वतः गेला. क्लोटिल्डाला उन्हात ओढून आणलं, पट्ट्या उपटून काढल्या. मदरला महिनाभर तुरुंग झाला. सुटली त्या दिवशी मी तिच्या दारात उभा राहिलो.

"मदर, बाप अजून काय म्हणाला?"

"मला काय विचारतोस? अर्ध्या वाटेवरून उठवलंत तिला. ती अजून पुरती आलीच नाहीये."

खरं होतं. क्लोटिल्डा जेवायची, केस विंचरायची, पायरीवर बसायची. पण बोलणं बंद. फक्त मी रस्त्यानं गेलो, की तोच आवाज... "लकडी ना मिलल का?"

प्रेत उकरून जाळायची परवानगी मिळावी म्हणून मी अर्जांवर अर्ज केले. कचेरीतून उत्तर यायचं, नियमात बसत नाही. मिशनचे पाद्री म्हणाले, "सॅम्युएल, तू अजून भुतंखेतं मानतोस?" पंडितजींकडे गेलो, तर ते म्हणाले, "किरिस्तावाच्या हातचा अग्नी तुझ्या बापाला चालेल का, ते आधी सांग." प्रत्येकाजवळ देव होता आणि प्रत्येकानं दाराला आतून कडी लावलेली होती. मी बाहेर उभा. अशी पंधराएक वर्षं गेली.

मग शाउटरांवरचा कायदा उठला. पुढे आम्हालाही अग्नीची मोकळीक मिळाली. दादानं आणि मी बापाची हाडं वर काढली, नदीकाठी लाकडं रचली. दादा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. जळतं लाकूड मात्र त्यानं माझ्या हातात दिलं. धूर सरळ वर गेला. मी तसाच धापा टाकत टेकडी चढलो.

क्लोटिल्डा पायरीवर बसली होती. माझ्याकडे न बघताच तिनं आत हाक दिली, "मदर, चहा झाला का गं?"

स्वतःच्या आवाजात. म्हातारी अर्सिला दारातच मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मीही रडलो. वाटलं, सुटलो.

मग क्लोटिल्डानं माझ्याकडे पाहिलं.

"म्हातारा गेला," ती म्हणाली. "पण तो दुसरा..."

"दुसरा कोण?"

"त्याच्या शेजारी पडलाय तो. वर्दीतला. विचारत होता, मला लाकडं कोण देणार..."

एवढं बोलून ती चहा घ्यायला आत निघून गेली. मी खूप विनवण्या केल्या.

आता मला ऐंशी पूर्ण झाली. माझा मुलगा आमच्या मिशनच्याच चर्चमध्ये पाळक आहे. शहाणा, मायाळू मुलगा. गेल्या आठवड्यात मी त्याला जवळ बसवून म्हटलं, "मला जाळ. पुरू नकोस."

त्यानं माझा हात हातात घेतला, थोपटला.

"बाबा, या वयात असं काहीबाही मनात येतं. काळजी करू नका. तुमच्यासाठी जागा मी केव्हाच बघून ठेवलीये. आजोबांना पुरलं होतं ना, अगदी त्या जागेच्या शेजारची."