कुणाच्या पापणीचा केस

चेंगो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो मला दिसलाच नाही. डोळ्यात चिखल गेला होता ना!

आमच्या गाझी गावच्या खाडीत ओहोटीला मी गाळाचे नमुने काढत होते. पावसाची रिपरिप, गुडघाभर रेंदा, आणि तिवरांच्या मुळांत अडकून बसलेली नळी. जोर लावला तशी ती फाडकन सुटली आणि सगळा गाळ माझ्या थोबाडावर! डावा डोळा असा झोंबायला लागला की मी तिथेच बोंब ठोकली.

"चोळू नकोस... हलू पण नकोस," अगदी जवळून कुणीतरी म्हणालं. माझी हनुवटी वर झाली. कमरेला लुंगीसारख्या गुंडाळलेल्या किकोईचं कोरडं टोक हलकेच पापणीवरून फिरलं. एकदा... पुन्हा एकदा...

"निघाला चिखल. त्याबरोबर आणखीही काहीतरी निघालं."

"काय?"

"काही नाही गं." आणि तो हसला.

डोळा उघडून बघते तर समोर एक उंच, सडपातळ, गिर्यामा जमातीचा पोरगा, मूठ घट्ट मिटून उभा. आमच्या संशोधन केंद्रात गाळातले कृमी ओळखायला नवीन आलेला चेंगो तो हाच. मी आभारसुद्धा मानले नाहीत. डोळा चुरचुरत होता, काय करणार!

त्याला आता दोन वर्षं झाली. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसतो आणि गाळातल्या सूत्रकृमींची जात शोधतो. आमच्या वाट्याला आलेल्या प्रजातीचं नाव हालालायमस. अंगाने केसाइतके बारीक, मान लांबच लांब. सुईने उचलायला जावं तर तुकडे पडतात. म्हणून आम्ही काडीच्या टोकाला पापणीचा केस चिकटवतो आणि त्याने त्यांना उचलतो. इथली रीतच आहे, ज्याची काडी त्याच्या पापणीची.

आणि हो, चेंगो मला आवडतो. म्हणजे किती? त्याने लिंबू पिळल्याशिवाय मला कसावाच्या कंदाचे तळलेले काप गोड लागत नाहीत, इतका. त्याला मात्र याचा पत्ता नाही, असं मी धरून चालले होते.

मग एका सोमवारी झांझिबारहून झुहुराबाई आल्या. मागेही एकदा आठवडाभर येऊन गेल्या होत्या. वयाने आमच्याहून चार पावसाळे मोठ्या, हुशार, देखण्या, आणि पापण्या अशा की मिटल्या तर वारा यावा! आल्या आल्या म्हणाल्या, "चेंगो, चल माझ्याकडे. माझ्या प्रयोगशाळेत जागा आहे. शुक्रवारी मी निघते, त्याच्या आत सांग."

आणि नेमकं त्याच दिवशी माझं लक्ष चेंगोच्या काडीकडे गेलं.

ती काडी तो काडेपेटीत, कापसावर निजवून ठेवतो. कुणाला हात लावू देत नाही. मी वाकून पाहिलं. केस लांब, काळाभोर, डौलदार! चेंगोच्या पापण्या बघाल तर शेळीने चरल्यासारख्या खुरट्या. हा केस त्याचा असणं शक्यच नव्हतं.

"कुणाचा रे हा?" मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुला कशाला?"

"वर्गीकरण करायचंय."

"मग आधी तुलनेला नमुने गोळा कर... उगाच अंदाजाने जात ठरवायची नसते, सौमू." आणि वर गालात हसतोय! असा राग आला म्हणता!

ठीक आहे. नमुने तर नमुने.

"तुमच्या पापणीचा एक केस द्याल का? माझी काडी मोडली," मी झुहुराबाईंना विचारलं.

"एक कशाला, दोन घे," त्या हसून म्हणाल्या. इतक्या चांगल्या वागल्या की मला त्यांचा आणखीच राग आला.

चेंगो जेवायला गेला तसे मी दोन्ही केस मायक्रोस्कोपखाली शेजारी शेजारी ठेवले. बाईंचा केस जाड, एकाच वळणाचा, टोकाला बोथट. काडीवरचा बारीक, आणि टोकाशी दोनदा वळलेला. जात वेगळी!

सुटले एकदाची... असं वाटलं, पण घटकाभरच. मग डोक्यात किडा वळवळला. बाईंचा नाही, तर मग कुणाचा? फाटकापाशी कसावा तळणारी रिझिकी चेंगोला काप जरा जास्तच वाढते. तिच्याकडूनही एक केस मागून आणला. तोही जुळेना! म्हणजे कुणी तिसरीच भवानी आहे तर! रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर झाले. तिचं नाव ठाऊक नव्हतं, पण वळणं ठाऊक होती, दोन.

सकाळी मी चेंगोशी बोललेच नाही.

"काय झालंय?"

"काही नाही."

"मग तोंड का फुगलंय?"

"माझं तोंड असंच आहे. झांझिबारला चांगली तोंडं असतील, तिकडे जा."

तो काहीतरी बोलणार होता... पण मी माझ्या मायक्रोस्कोपखालच्या थेंबात डोकं खुपसलं. आणि किंचाळलेच. नर! आमच्या कृमीच्या माद्या ढिगाने सापडल्या होत्या, पण नर एकही नव्हता. नराच्या शेपटीची ठेवण कळल्याशिवाय ही नवी जात आहे हे ठामपणे सांगायची सोय नव्हती. दोन वर्षं आम्ही ज्याच्या मागे होतो, तो माझ्यासमोर सुखाने वळवळत होता.

झुहुराबाई धावत आल्या. चेंगो काडेपेटी उघडत धावला. "सरक, मी उचलतो."

"खबरदार!" मी त्याचं मनगट धरलं. "त्या बयेचा केस माझ्या नराला लावायचा नाही!"

"कुठल्या बयेचा?"

"ते तूच सांग! काडेपेटीत, कापसावर... महाराणी निजवलीय!"

"सौमू, सोड, तुटेल..."

"तुटू दे!"

आणि तुटलाच. पंख्याच्या वाऱ्यावर कुठे उडाला ते दिसलंही नाही. चेंगो रिकाम्या काडीकडे बघत राहिला. इतका पडलेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. मला भयंकर वाईट वाटलं, आणि तिचा त्याहून भयंकर मत्सर.

"एवढं काय! जा, तिच्याकडून दुसरा माग," मी म्हटलं. माझा आवाज रडवेला झाला होता.

चेंगोने मान वर केली. "मूळ नमुना नष्ट झाला तर काय करायचं? नियम सांग."

"आता? परीक्षा घेतोयस माझी?"

"सांग ना."

"नवा नमुना निवडायचा," मी नाक ओढत म्हटलं. "पहिला जिथून घेतला होता... शक्य तितका त्याच जागेवरून."

"बरोबर." तो एक पाऊल पुढे आला. "मग डोळा मीट."

"काय?"

"डावा. ज्यात चिखल गेला होता तो."

मी बघतच राहिले. खाडी... किकोईचं टोक... घट्ट मिटलेली मूठ... आणि मी मेली, साऱ्या गावच्या पापण्या तपासल्या, स्वतःची सोडून!

"अगं बाई!" झुहुराबाई खो खो हसत सुटल्या. "तरीच हा मला सोमवारीच नाही म्हणाला! चालू द्या तुमचं. थेंबात पाणी घालत राहते मी, नाहीतर तुमच्या नादात हा नर बिचारा सुकून जायचा."

"सोमवारीच?" मी चेंगोकडे वळले. "मला सांगितलं नाहीस ते?"

"तू विचारलंस कुठे? तू नमुने गोळा करत होतीस."

"आणि दोन वर्षं... हे का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली," तो हळूच म्हणाला. "तू नाही म्हणाली असतीस तर निदान केस तरी राहिला असता जवळ."

मी चेहरा वर केला आणि डोळा मिटला. त्याच्या बोटांना लिंबाचा वास येत होता.

जरासं टोचलं. तोच दोन वळणांचा केस होता.

"जागा नीट लक्षात ठेव," मी डोळा मिटलेलाच ठेवून म्हटलं. "यापुढे लागेल तेव्हा इथूनच घ्यायचा. दुसरीकडून घेतलास तर याद राख!"