दादानं बघून ठेवलेलं घर

सकाळी नऊच्या सुमाराला सुदर्शन मुकुंदवाडी स्टेशनाबाहेर चहाच्या गाड्यापाशी उभा होता. घर बघायचं होतं. राहायला नाही, भाड्यानं द्यायला. गावाकडच्या जमिनीतून रस्ता गेला, त्याचा मोबदला आला होता. त्यातून शहरात एक फ्लॅट घ्यायचा आणि त्याच्या भाड्याचा घराला आधार करायचा, असं ठरलं होतं. ठरवलं होतं ते विश्वजीतदादानं. दादा कंपनीत सुपरवायझर होता, शिकलेला होता, कागद वाचून सही करणारा होता. सुदर्शननं सातवीतच शाळा सोडली होती. तो टेम्पो चालवायचा.

दिवाळीनंतर आठव्या दिवशी बीड बायपासला पाण्याच्या टँकरनं दादाच्या मोटारसायकलला उडवलं. तो घरं बघूनच परत येत होता. त्या सकाळी त्यानं सुदर्शनचं पांघरूण ओढलं होतं. "ऊठ सुद्या. चल ना, दोघं बघू." सुदर्शन कूस बदलून झोपला होता.

त्या कूस बदलण्याला आता चार महिने झाले होते, आणि तेव्हापासून सुदर्शनला एका जागी बसवत नव्हतं. जेवताना उठायचा, बोलता बोलता बाहेर निघून जायचा. टेम्पो उगाच जालन्यापर्यंत नेऊन रिकामा परत आणायचा. आणि दादाची बायको प्रेरणावहिनी आणि सहा वर्षांची पोर विशाखा, दोघींचं घर आता त्या भाड्यावरच चालायचं होतं.

त्यातून आणखी एक गोष्ट त्यानं करून ठेवली होती. दहाव्याला पैठणला, गोदावरीच्या काठावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. ऊन तापलं. वडील हात जोडून म्हणाले, पोरीचं शिक्षण करू. वहिनी म्हणाल्या, सासूसासऱ्यांना सोडून जाणार नाही. समोरच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करायला लागले. तेव्हा सुदर्शन उन्हातून पुढं झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "दादा, तू बघून ठेवलेलंच घर घीन. दुसरं घेणार नाय."

कावळा त्याच क्षणी खाली आला.

लोकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. घाटाच्या पायऱ्या चढता चढता मात्र वहिनींनी हळूच विचारलं, "भाऊजी, कोणतं घर?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"लई विचार करू नका," एजंट सर्जेराव बशीतला चहा ओढत म्हणाले. पन्नाशीचा माणूस, बोलायला लागला की थांबत नसे. दादालाही त्यांनीच सगळीकडे फिरवलं होतं. "तुमच्या भावाला मी तीन जागा दाखवल्या. तिन्ही दाखवतो. तुमचं मन सांगंल, हीच ती."

"मन काय सांगंल, मामा. माझं मन मला झोपू देत नाय."

सर्जेरावांनी बशी खाली ठेवली आणि चहाचे पैसे दिले.

पहिली जागा स्टेशनापासून पाच मिनिटांवर होती. दुसरा मजला, दोन खोल्या, गल्लीत लहान पोरं, जिन्यात सायकली, कुठंतरी कुकरची शिट्टी. मोतीराम नावाचा म्हातारा वॉचमन किल्ली घेऊन वर आला.

"विश्वजीतभाऊ ना? आले होते की. दिवाळीच्या आधी. हर एक भिंत बोटाच्या गाठीनं वाजवून बघितली. मी म्हणलं, साहेब, घर घेताय का टरबूज?"

सुदर्शनला चार महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं. ती दादाचीच सवय. भिंत वाजवली की आतला माल कळतो, म्हणायचा.

"आणिक काय बोलला?"

"पाणी किती दिवसांनी येतं विचारलं. खरं सांगितलं, आठव्या दिवशी, कधी दहाव्या. मग म्हणले, कंपनीतली पोरं इथं राहतील, घर रिकामं पडणार नाय, पण आणखी दोन ठिकाणं बघतो."

दुसरी जागा छावणीच्या पलीकडे होती. झाडं मोठी, रस्ता स्वच्छ, आवाज कमी. बदलीवर येणारे नोकरदार भाडं तारखेला देतात, असं सर्जेराव वाटेत सांगत होते. घर सुलेखाताईंचं होतं. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या बाई. आता मुलाकडे पुण्याला निघाल्या होत्या. दारावर बाबासाहेबांचा फोटो, आत खोकी बांधून ठेवलेली.

"मागच्या सोमवारी एक जण येऊन गेले," त्या म्हणाल्या. "विश्वजीत नाव सांगितलं. म्हणाले, धाकटा भाऊ येईल, त्याला नीट दाखवा."

सुदर्शननं सर्जेरावांकडे पाहिलं. सर्जेराव हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "ताई, दिवाळीच्या टायमाला मीच त्यांना आणलं होतं, तेच असंल."

"दिवाळीत मी पुण्याला होते, किल्ली शेजारी होती. हे मागच्या सोमवारचं. आठ दिवस झाले."

सुदर्शननं मोबाइल काढला आणि विशाखाच्या वाढदिवसाचा फोटो पुढं धरला. त्यात चारपाच माणसं होती. सुलेखाताईंनी चष्मा लावून एकावर बोट ठेवलं. अचूक ठेवलं.

"हेच. पण फार वाळले होते." त्या फोटोकडे बघतच राहिल्या. "आत या म्हटलं, तर उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. पाणी दिलं ते हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत. मी विचारलं, भाड्यानं द्यायचंय का? तर म्हणाले, या खोलीत ऊन फार येतं. ऊन नको होतं त्यांना."

"भाड्याचं काही नाय विचारलं?"

"नाही. शेजारी माणसं आहेत का, एवढं विचारलं. मी म्हटलं, आहेत की, चांगली आहेत. मग, नको, म्हणाले." त्यांनी फोन परत दिला. देताना त्यांची बोटं सुदर्शनच्या मनगटावर क्षणभर थांबली, नाडी बघावी तशी. "तुमचे भाऊ… आजारी आहेत का?"

सुदर्शन तसाच जिना उतरला. खाली येऊन त्यानं सर्जेरावांच्या मोटारसायकलला किक मारली.

"घरी जाऊ या," सर्जेराव म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "बाईचं वय झालंय. चुकत असंल."

"तिसरी जागा कुठंय?"

"बिडकीनच्या अलीकडं. पण तिथं आज नको. तिथं कुणी राहत बी नाय अजून. कंपन्या येतील तवा भाव येईल. आज घ्या आन् पाच वर्षांनी…"

"पाच वर्षं वहिनीनं काय खायचं, तुमचं ब्रोशर? बसा मागं."

पैठण रोडला उन्हाची झळ रस्त्यावरून वर उठत होती. सर्जेराव एकदाही बोलले नाहीत. चितेगाव मागं पडलं आणि मुख्य रस्ता सोडून गाडी मुरमाच्या कच्च्या वाटेला लागली. शेवटी एका उघड्या माळावर तीन इमारती दिसल्या. पिवळा रंग, काचा लावलेल्या, सगळ्या बंद. दुपारचे तीन वाजले होते, पण पक्ष्याचासुद्धा आवाज नव्हता. नव्या चुन्याचा आणि तापलेल्या सिमेंटचा वास होता, आणि त्याच्या खाली आणखी एक वास होता, साचलेल्या ओल्या मातीसारखा. ओल मात्र कुठं दिसत नव्हती.

राखण करणारी केसरबाई पत्र्याच्या खोलीबाहेर लसूण सोलत बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून सुदर्शनकडे बघितलं.

"धाकले का तुम्ही?"

सुदर्शननं मान हलवली. "व्हय."

"मंग जा वर. तिसरा मजला. ते आत्ताच गेलेत."

"कोण… कोण गेलंय?"

"तुमचा भाऊ. रोज येतो की. आज म्हणला, धाकला आला तर खाली थांबवू नको."

सर्जेरावांनी सुदर्शनची बाही धरली. "सुदर्शन, ऐक माझं. वर नाय जायचं." पण बाही सुटली. सुदर्शन पळतच जिन्यात शिरला होता. भीती वाटायच्या आधी त्याचे पाय चालायला लागत, हे त्याचं लहानपणापासूनचं.

जिन्यात एकदम गार होतं. पहिल्या वळणावर त्याला वरून चपलांचा आवाज आला. एक पाय जरा ओढत टाकलेला. तो थांबला की वरचा आवाज थांबे. तो चढला की वरचाही चढे.

"दादा…"

वर पावलं चालत राहिली.

तिसऱ्या मजल्यावर चार दारांतलं एकच उघडं होतं. आत मोठी खोली, पांढऱ्या भिंती, फरशीवर पिठासारखी धूळ. उजव्या हाताला आतली खोली, तिचं दार लोटलेलं. सुदर्शन त्या दाराकडे तोंड करून मधोमध उभा राहिला. त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

मग आतल्या खोलीत भिंत वाजली.

टक. टक टक. कुणीतरी बोटाच्या गाठीनं, सावकाश, एका कोपऱ्यापासून सुरुवात करून भिंत वाजवत चाललं होतं. एक भिंत झाली, मग दुसरी. मग तिसरी, म्हणजे सुदर्शनच्या समोरची, मधली. आवाज त्याच्या छातीच्या उंचीवर आला आणि तिथंच थांबला.

"सुद्या…" आवाज दादाचाच होता, फक्त खूप लांबून, पाण्याच्या टाकीतून यावा तसा. "चल ना… दोघं बघू."

सुदर्शनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चार महिने तो हेच ऐकायला तडफडत होता. दोन पावलं त्यानं टाकलीसुद्धा. दाराच्या कडीवर हात ठेवला. कडी इतकी गार होती की हाताला झोंबली.

"येतो दादा," असं अर्धं त्याच्या तोंडात आलं होतं. मग त्याची नजर खिडकीबाहेर गेली. माळ होता, ऊन होतं, आणि नजर पोचेल तिथवर एक माणूस नव्हता. इथं भाडेकरू कोण येणार? पहिल्या तारखेला वहिनी कुणाच्या दाराकडे बघणार? दादा असता तर त्यानंच पहिल्यांदा हे विचारलं असतं. हा विचारत नव्हता.

त्यानं कडीवरचा हात काढला. "दादा… इथं नको. इथं कुणी राहायला यायचं नाय."

तो दारापासून एक पाऊल मागं सरला.

"वहिनीला भाडं पाहिजे रे. विशाखाची शाळा हाय. मी शब्द दिला होता, मला ठाऊक हाय… पण नाय जमणार. दादा, माफ कर. नाय."

बराच वेळ काही झालं नाही. मग भिंत पुन्हा एकदाच वाजली. पण ती समोरची नव्हती. त्याच्या पाठीमागची होती. तो उभा होता त्याच खोलीतली.

सुदर्शननं मागं बघितलं नाही. जिना कसा उतरला ते त्याला नंतर आठवेना. खाली केसरबाई तशीच बसली होती.

"पसंत पडलं का?"

"नाय."

"असं कसं?" ती गोंधळली. "ते तर हो म्हणले. भाऊ आला की दोघं राहायलाच येतो, म्हणले."

त्याच संध्याकाळी सुदर्शननं मुकुंदवाडीच्या घराला इसार दिला. भाव केला नाही, कागद वाचून घेतला नाही. त्या जिन्यात सायकली होत्या आणि कुणीतरी पोराला रागवत होतं, तेवढं त्याला पुरेसं होतं. सर्जेरावांनी दलालीतले निम्मे पैसे सोडले आणि बिडकीनकडची जागा पुन्हा कुणाला दाखवली नाही.

भाडेकरू आठवड्यात मिळाले. परभणीकडचं एक तरुण जोडपं, दोघं कंपनीत. भाडं तारखेला येऊ लागलं. घरात पुन्हा भाजीला फोडणी पडू लागली, विशाखाला नवं दप्तर आलं. सुदर्शन रात्री झोपू लागला. माळावरच्या घरात काय झालं आणि पिंडासमोर दिलेला शब्द आपण कसा मोडला, हे त्यानं वहिनींना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "ते असते तर त्यांनीही हेच घेतलं असतं."

जूनमध्ये वहिनींच्या माहेरी, पैठणला, लग्न निघालं. वहिनींनी भाड्याच्या पैशातून सुदर्शनला एक शर्ट आणला होता. फिक्या हिरव्या रंगाचा, खिशावर बारीक काळी पट्टी. सकाळी विशाखानं त्याची टाचणी काढली, कागद काढला आणि तो काकाला घालून स्वतः त्याची बटणं लावली.

टेम्पोत तिघं पुढं बसली. चितेगावच्या पुढं आल्यावर, माळावरच्या त्या पिवळ्या इमारती लांबून दिसायला लागल्या. सुदर्शन समोर बघत राहिला. ठरवूनच आला होता, तिकडं बघायचं नाही.

"काका, तिथं माणसं राहायला आली," विशाखा म्हणाली.

त्यानं बघितलं. तिन्ही इमारती बंदच होत्या. फक्त एका तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर दोन शर्ट वाळत घातले होते. एक पांढरा, दादा कंपनीत घालायचा तसा. दुसरा फिका हिरवा. खिशावर बारीक काळी पट्टी.

वहिनींनी विशाखाचं तोंड आपल्याकडे वळवून घेतलं. सुदर्शननं टेम्पोचा वेग वाढवला. स्टिअरिंगवरचे हात घट्ट होते. मग त्याला कळलं की आपल्या अंगातला शर्ट पाठीवर हळूहळू ओला होत चाललाय, गार पाण्यानं, नुकताच पिळल्यासारखा.