खोलीत माणसं

मी अडतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मुलांना सांगायचो, थर्मामीटरला भीड नसते. जे आहे ते तो तोंडावर सांगतो.

निवृत्त झाल्यापासून दुपारी मागच्या छोट्या खोलीत गाणी ऐकत बसतो. माझा अ‍ॅम्प्लिफायर जुन्या धाटणीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा. चालू केला की व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे लालसर होतात, तापल्या धुळीचा वास सुटतो. थंडीत त्या खोलीला शेगडी लागत नाही.

सुटीत दहा वर्षांची नात आली, तेव्हा तिला एक प्रयोग दिला. अ‍ॅम्प्लिफायरची उष्णता एकशे ऐंशी वॅट, बसलेल्या माणसाची साधारण शंभर. दार लावून आम्ही दोघं बसलो, तर हिशेबानं तासाभरात खोली चार अंश तापायला हवी. तिनं वहीत रकाने आखले: वेळ, अंश, खोलीत माणसं.

पहिल्याच दुपारी पाच अंश वाढले. शेवटच्या रकान्यात तिनं लिहिलं, ३.

"तिसरं कोण गं? मांजर?"

"मांजराचे शंभर वॅट होतात का आजोबा? तुम्हीच म्हणता ना, आधी आकडा, मग कारण."

तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी माझाच पारा चढला. लाल शाईनं तिचे तिन्ही आकडे खोडले आणि शेजारी लिहिलं, 'मनचे आकडे'. ती वही घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसली.

मग मी एकटाच मोजायला बसलो. एका माणसाचे तीन अंश व्हायला हवे होते. चार झाले. थर्मामीटर बदलला, खोली गार होऊ दिली, पुन्हा मोजलं. चार.

उठताना समोरच्या वेताच्या खुर्चीवर हात टेकला. बैठक उबदार होती.

ती खुर्ची माझ्या बायकोनं आणलेली. दोन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या हिवाळ्यात तिची बोटं आखडायची. "गाणं नको मला, नुसती उबेला बसते," म्हणायची. तिच्या विणायच्या सुयांची टकटक मला खुपायची.

"दार लाव, ऊब जातेय," मी म्हणायचो. "बाहेरून लाव."

ती लावायची. दाराच्या काचेपलीकडे थोडा वेळ उभी राहायची.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

स्वयंपाकघरात जाऊन नातीसमोर कान धरले. "चुकलो बाळा. चल, पुन्हा मोजू."

परत आलो तर दार लागलेलं. मी ते सताड उघडं टाकून गेलो होतो.

ढकलून पाहिलं. कडी आतून होती.

ठोठावायला हात उचलला आणि खाली घेतला. कुठल्या तोंडानं ठोठावणार?

काचेतून व्हॉल्व्ह लाल दिसत होते. मग काच आतल्या बाजूनं, माझ्या खांद्याच्या उंचीवर, हळूहळू धुरकटली. निवळली. पुन्हा धुरकटली.

आत टकटक चालू झाली.

"आजोबा, हात केवढे गार पडलेत तुमचे," नात म्हणाली. तिनं वही उघडली. 'खोलीत माणसं' या रकान्यात १ लिहिलं, आणि पेन तसंच धरून माझ्याकडे पाहिलं.

"हा नाही ना खोडणार?"