चौथ्या पिक्चरमधला पूल

वैजयंतीचं म्हणणं एवढंच होतं, की तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्याने नाही, सासूने नाही, आणि ज्याच्यासमोर घडलं त्या समरने तर नाहीच. "चौथी शिकलेली बाई बोलली की खोटं," असं ती तोंडावर सुनवायची. आपल्यातले दोघे-तिघे तिला ओळखतात. ती फटकळ आहे, भांडकुदळ आहे, पण बनवाबनवी तिला जमत नाही. तेव्हा दिवा बारीक करा आणि मधे बोलू नका.

गुरुवार, चौदा नोव्हेंबर, दोन हजार चोवीस. साउथहॅम्प्टनात गोदीमागच्या कम्युनिटी हॉलची साफसफाई तिच्याकडे होती. रात्री सव्वानऊला ती कुलूप लावायला गेली, तर समर अजून आत. शेजारचा हा पोरगा इथेच जन्मलेला, हॉलमध्ये फिल्म क्लब चालवायचा.

"आटप रे. मला घरी पोळ्या लाटायच्यात."

"काकू, फक्त वीस मिनिट. एक जुनी रीळ आली आहे. नाइन्टीन फिफ्टी-फोर. टेस्ट करतो आणि जातो."

"लाव. पण वीस म्हणजे वीस."

ती खुर्चीत टेकली. जंगलातल्या साहसाचा पिक्चर होता. खाकी टोपीवाल्या गोऱ्या शिकाऱ्याचे असे अकरा पिक्चर निघाले, त्यातला हा चौथा. जंगल कसलं, स्टुडिओत मांडलेल्या कुंड्या. जंगली लोक म्हणून या गोदीतलेच आपल्याकडचे खलाशी नेलेले, अंगाला काजळी फासून उभे केलेले. त्यांना सांगायचे, तुमच्या भाषेत काहीही ओरडा, इथे कुणाला कळतंय.

वैजयंतीला कळलं. एक जंगली भाला आपटत म्हणाला, "सकाळपासून उघडा उभा केलाय, मेल्यांनी चहाचा घोटसुद्धा दिला नाही." टोपीवाल्याने शेजारच्या गोऱ्या बाईला समजावलं, डोंगराचा देव कोपलाय म्हणतो. वैजयंती एकटीच खदखदून हसली.

तिचा आजोबा अर्जुन याच गोदीत उतरलेला खलाशी. तो गावी परत आलाच नाही. परत आला त्याचा दोस्त. त्याने सांगितलं, अर्जुन मडमेबरोबर पळाला. त्यानंतर चाळीस वर्षं आजीने गावात मान वर केली नाही. तो दोस्त पुढे बायकोमुलांना घेऊन साउथहॅम्प्टनात स्थायिक झाला, आणि आपल्या नातवासाठी, जयंतसाठी, त्याने वैजयंतीला मागणी घातली. म्हणजे तिचा आजेसासरा. लग्न झाल्यापासून मरेपर्यंत त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. सासू लीलावती मात्र रोज बघायची आणि रोज ऐकवायची. भाजी करपली तरी तेच. "पळपुट्याची नात."

पडद्यावर पूल आला. दोरांचा. खाली अंधार. तोच भालेवाला पुलावर चढला. दुसरा टोकाला, दोर बांधलेल्या खुंटाजवळ, पाठमोरा उभा.

पहिला मधोमध आला. पाठमोऱ्याचा हात हलला. दोर सुटला.

"अरे, धर... धर की रे..."

मग आवाज गेला. ढोल गेले. मशीनची घरघरही ऐकू येईना. तो माणूस तुटक्या दोराला लोंबकळत होता. त्याने मान वळवली. टोपीवाल्याकडे नाही. हॉलकडे. रिकाम्या खुर्च्यांवरून नजर सरकली... सरकली... थांबली.

"चिमे."

हे तिच्या आजीचं माहेरचं नाव. या देशात ते कुणाला माहीत नव्हतं. वैजयंती आजीचाच चेहरा घेऊन जन्मली होती. ती उभी राहिली.

"चिमे, मी पळालो नाही. त्याने..."

फट्. रीळ तुटलं.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

"काय? साउंड खराब आहे, काकू. माणूस ओरडला, पडला, संपला."

घरी तिने सगळं सांगितलं. जयंतने फोनमधून डोकं काढलं नाही. म्हणाला, "डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊ का?"

लीलावती हसली. "आता आजोबा पिक्चरमध्ये आला का? आमचे सासरे होते पिक्चरमध्ये. पाचव्यापासून अकराव्यापर्यंत. एवढ्या खलाशांतून कंपनीने एकट्याला कायमचं ठेवून घेतलं. हे घर त्यावर झालंय, विसरू नको."

"पाचव्यापासून? मग चौथ्यात कोण होतं, आई?"

लीलावतीने टीव्ही मोठा केला. त्या घरात चौथ्याचा विषय कधी निघायचा नाही.

शुक्रवारी रात्री नऊला वैजयंतीने सासूचा कोट काढून तिच्या मांडीवर टाकला. "चला. तीस वर्षं माझ्या आजोबाला पाठीमागे शिव्या घालताय. आज तोंडावर घाला."

"भिते की काय मी," म्हणत म्हातारी निघाली.

समरने रीळ जोडून ठेवलं होतं. कुंड्या आल्या. टोपी आली. चहावरून बोलणारा भालेवाला मात्र आला नाही. त्याची जागा मोकळी होती.

पूल आला.

आज खुंटाजवळचा माणूस पाठमोरा नव्हता. काल पडलेला माणूसच समोर तोंड करून उभा होता. अर्जुन. दोन्ही हात पुढे, रिकामे. सगळ्यांना दिसावेत असे.

पुलावर दुसराच कुणी चालत होता.

मधोमध आला. दोराला कुणी हात लावला नाही.

दोर सुटला.

आवाज गेला.

लोंबकळणाऱ्याने मान वळवली... वैजयंतीकडे नाही. तिच्या शेजारी.

"लीला. धर."

लीलावतीचा हात उचलला गेला. मग खाली आला.

तो पडला. पडतच राहिला. बराच वेळ.

समरने दिवे लावले. त्याने रीळ मागे घेतलं, पुन्हा चालवलं. तेच. आणखी एकदा. तेच. आजही त्या रिळात तेच आहे, हवं तर जाऊन बघा.

"काल हा माणूस नव्हता," समर म्हणाला. "काकू, आय स्वेअर, नव्हता. कोण आहे हा?"

वैजयंती सासूकडे वळली.

त्या घरच्या सुना सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. लीलावतीने साठ वर्षांत घेतलं नव्हतं. दवाखान्यात नाही, मयताच्या कागदांवर नाही. तिचे ओठ हलले, मिटले. पुन्हा हलले...

"पुरुषोत्तम."