दोन ठोक्यांमधले मौन

“या वेळीही तूच होतीस ना तिच्याबरोबर?” असे म्हणून आईने नातीचा ओला टॉवेल थोरल्या लेकीच्या पायांशी टाकला.

नात रुग्णालयाच्या खाटेवर निजली होती. सकाळी पोहताना तिची शुद्ध हरपली. काठावर बसलेल्या आत्याने, म्हणजे थोरलीनेच, तिला ओढून काढले, म्हणून ती वाचली. बावीस वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी पोहायला गेलेली तिची धाकटी बहीण मात्र वाचली नव्हती... आणि तेव्हापासून “तुझ्या भरवशावर पाठवली होती” हे वाक्य थोरली मुकाट्याने गिळत आली होती.

ती याच रुग्णालयात हृदयाचे आलेख काढी. यंत्राने ‘निर्दोष’ असे छापले, तरी प्रत्येक आलेख कर्कटकाने स्वतः मोजायचा, हा तिचा शिरस्ता. नऊ वर्षांपूर्वी, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी, आईच्या आलेखात ठोका पडून हृदय सैलावेपर्यंतचे अंतर मोजताना कर्कटकाची टोके हवी त्याहून फाकली, आणि तिला सारे उमगले. ठोका पडला की पोटॅशियमने पेशीबाहेर पडावे, पेशी सैलावावी, मगच पुढचा ठोका यावा. या घराच्या रक्तात ती वाट आळसाने उघडत होती. पोहण्याच्या श्रमात पुढचा ठोका अवेळी येऊन आदळला, की लय विस्कटून जाई. धाकटी बुडून मेली नव्हती. हृदय आधी थांबले होते, आणि तो दोष आईकडून आला होता!

हे त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगावे? डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने आईला गोळी सुरू केली, ती रक्तदाबाची म्हणून. भावाचा आलेख काहीतरी निमित्त काढून घेतला. तो प्रमाणात निघाला. दोष इथेच संपला, असे तिने स्वतःला पटवले. निर्दोष आलेखाच्या आडही हा दोष दडू शकतो, हे तिने वाचले होते. पण करुणेला सोयीचे तेवढेच मोजावे, ही चूक एरवी काटेकोर असलेल्या त्या बाईने केली.

आज नातीचा आलेख तिच्या हातात होता. त्यातही ते अंतर रुंद होते.

तिने आईला आणि भावाला सारे सांगितले, काही न वगळता. भाऊ उठून लेकीच्या खाटेशी जाऊन बसला. आईने तो आलेख थोरलीच्या हातातून घेतला.

“नऊ वर्षं ठाऊक होतं तुला, आणि तू माझं बोलणं ऐकून घेत राहिलीस?”

“मला बोललीस की तुला झोप लागायची, आई. तुला जपायला गेले... आणि पोरीला मीच पाण्यात उतरवलं.”

“मी जन्माला घातली, आणि मीच तिला...” आईने थोरलीचे मनगट धरले.

“आता तू मला बोल,” ती म्हणाली. “बावीस वर्षांचं बोल.”

थोरलीने तोंड उघडले. शब्द फुटला नाही. आई मनगट न सोडता तशीच वाट पाहत राहिली.