एक कौल बाकी

आत्माराम पहिल्यांदा माझ्या वर्कशॉपमध्ये आला तो वाकडा होऊन. स्वभावानं नव्हे, कमरेतून. दाराच्या चौकटीला धरून तो उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, पाठ गेली माजी. डॉक्टर सांगतात, वजन उचलायचा बंद. आता कवलांची गाडी चालवायची नि कवला उचलायची नायत, म्हंजे घास तोंडात घालायचा नि गिळायचा नाय."

त्याचा एक जुना ट्रक होता. रत्नागिरीच्या वखारीतून मंगलोरी कौलं भरायची आणि पालीच्या आसपासच्या गावांत पोचवायची, हा त्याचा धंदा. हमालांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. ते कौलं आपटतात म्हणे. त्यामुळे भरणं आणि उतरवणं तो आणि त्याची बायको मालन, दोघंच करत.

"गाडीलाच हात बशिवता येतील काय?" त्यानं विचारलं.

१९८२ सालची ही गोष्ट. औद्योगिक वसाहतीत माझं लहानसं शेड होतं आणि डोक्यात नसते उद्योग भरपूर होते. फोर्कलिफ्ट मी मुंबईच्या गोदीत उमेदवारी करताना पाहिला होता. तो उचलतो, पण पालीच्या रस्त्यावर धावणार नाही. ट्रक धावतो, पण उचलत नाही. "म्हणजे दोघांचं लग्न लावायचं," मी घरी येऊन सुमेधाला सांगितलं. माझी बायको शाळेत गणित शिकवते आणि माझी गणितं तपासते. "पत्रिका बघा आधी," ती म्हणाली.

पत्रिका जुळली. सिलिंडर मुंबईच्या दारूखान्यात, जुन्या जहाजांच्या भंगारात मिळाला. ट्रकच्या मागे दोन उभे लोखंडी खांब लावले आणि त्यांच्यात वरखाली सरकणारे दोन आडवे काटे. इंजिनावर चालणारा पंप सिलिंडरमध्ये तेल भरायचा, मग दांडा वर जायचा, दांडा साखळीला ओढायचा आणि साखळी काट्यांना. तेल काढलं की काटे खाली. यात गूढ काही नाही, विहिरीवरच्या रहाटाइतकं ते सरळ आहे. गावातल्या लोकांनी काट्यांना 'हात' असं नाव पाडलं आणि मीही तेच म्हणू लागलो.

हात वरखाली करायची लिव्हर केबिनच्या मागे, डाव्या अंगाला होती. उन्हात लोखंड तापतं म्हणून मालननं आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी तिला गुंडाळली होती. तिथे उभं राहिलं की मागचं दिसत नसे. ही माझ्या रचनेतली खोट, पण त्या दोघांनी ती चुटकीसरशी निकालात काढली. आत्माराम हात वर न्यायचा आणि लिव्हर धरून थांबायचा. मालन हातांवर ठेवलेल्या लाकडी चौकटीवरची कौलं एकेक करून काढून घ्यायची, आणि शेवटचं घेतलं की ओरडायची, "सोडा!" मग तो हात खाली आणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईंना गोटी सोडा हवाय. तसं मी बोललोही. दोघं इतकी हसली की आत्माराम पाठ धरून खालीच बसला.

हात खाली आणायची त्याची एक लकब होती. जमिनीपासून वीतभर वर तो थांबायचा, दम घेतल्यासारखा, आणि मग अलगद टेकवायचा. चौकट रिकामी असली तरी. मी चेष्टा केली तर म्हणायचा, "सवय मोडली की कवला मोडतात, भाऊ."

दोन वर्षांनी माघात तो गेला. त्या दिवशी तो आपल्याच घरावर नवी कौलं चढवत होता. ट्रकची पाठ पडवीला लावलेली, हात वळचणीपर्यंत वर, आणि मालन शिडीवर उभी राहून कौलं बसवत होती. चौकटीवर एकच कौल उरलं होतं. तेवढ्यात पुढच्या बाजूला काहीतरी पडल्याचा आवाज झाला. ती उतरून धावली, तर आत्माराम लिव्हरखाली पडला होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. शेजारी त्याचा चुलत भाऊ धोंडू राहतो, त्यानं येऊन इंजिन बंद केलं.

दिवसकार्याला मी जाऊन आलो, पण त्या गर्दीत ट्रककडे लक्ष गेलं नाही. शिमगा उलटल्यावर धोंडू वर्कशॉपवर आला.

"भाऊ, हात खाली येत नाय. लिव्हर ओढून बगितली. आनि वैनी त्याच्याखालीच बसते, दिसभर."

ते लोखंड मी जोडलेलं होतं. चार माणसांना पेलणार नाही एवढं त्याचं वजन, आणि बंद इंजिनात तेल किती दिवस दाब धरून राहणार? दुसऱ्याच दिवशी मी पाने-हातोडे घेऊन निघालो.

मालन पडवीच्या पायरीवर तांदूळ निवडत होती. तिच्या डोक्यावर बरोबर ते हात, हातांवर चौकट, चौकटीवर ते एक कौल. छपराला एका कौलाएवढं भोक होतं आणि त्यातून उन्हाचा चौकोन तिच्या सुपात पडला होता.

"वहिनी, आधी तिथून उठा," मी म्हणालो.

"च्या ठेवते," ती म्हणाली आणि उठली. घाबरल्याचं नावही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

लिव्हर उघडी होती. तिची पट्टी अंगणातल्या दोरीवर वाळत होती. धुतली असेल, असं मनात येऊन गेलं. मी लिव्हर मधल्या खाचेत ठेवली, सिलिंडरच्या बुडाची नळी सोडली आणि खाली बादली लावली. तेल बादलीत आलं, दांडा सरसर खाली गेला. साखळी सैल पडून लोंबू लागली.

हात तिथेच राहिले.

खांबांत अडकले असतील, मी स्वतःला म्हणालो. गंज असेल, नाहीतर खांब वाकला असेल. ओळंबा लावून पाहिला, खांब सरळ. ग्रीस अजून ओलं. मग अडकलेलं हलतं का बघायला मी हातांखाली खांदा लावून जोर केला.

ते हलले. बोटभर वर गेले, अगदी सहज. जड कपाट पलीकडून कुणी धरलेलं असलं की आपल्याला जसं हलकं लागतं, तसे. मी खांदा काढून घेतला. ते सावकाश पुन्हा जागेवर आले.

दोन जाड सागवानी टेकू मी हातांखाली ठोकून घट्ट बसवले आणि धोंडूला सांगितलं, "गंजलंय." यंत्राच्या बाबतीत मी तोवर कुणाशी खोटं बोललो नव्हतो.

धोंडू जरा घुटमळला. "देवाला कौल लावलावता," तो म्हणाला. आमच्याकडे ग्रामदेवतेला ओल्या पाकळ्या चिकटवून विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "हात उतरू काय, म्हनून इचारला. पाकळी पडतच नाय, भाऊ. डावी नाय, उजवी नाय. अजून तशीच हाय."

पाकळी जास्त ओली असेल, असं मी म्हणालो. मातीच्या कौलाचं कोडं सुटत नव्हतं, त्यात हे देवाचं.

सुमेधाला मात्र मी सगळं खरं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, नव्हे, तिनं हसावं अशी माझी फार इच्छा होती. ती हसली नाही. "उत्तर मागाहून शोधा," म्हणाली. "ती बाई त्याच्याखाली बसते आहे. आधी ते लोखंड उतरवा."

म्हणून गॅस कटर टेम्पोत टाकून मी पुन्हा गेलो. खांबच कापायचे, विषय संपला. ऊन चढलं होतं. माझे टेकू उभे होते, पण टेकू आणि हात यांच्यामध्ये आता बोटभर फट होती. सोडलेल्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं.

"वहिनी, आज कापतो," मी म्हणालो.

"कापायचा नाय."

"अहो, पडलं तर जीव जाईल तुमचा!"

"नाय पडायचा," ती म्हणाली आणि हंडा घेऊन विहिरीकडे चालू लागली. मीही वाद घालत तिच्या मागे गेलो. तिनं हंडा भरला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि वळून म्हणाली, "भाऊ, जरा हात लावा."

वाद आपल्या जागी, हंडा आपल्या जागी. मी हंडा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला आणि तोल जमेपर्यंत धरून राहिलो. ज्याच्या डोक्यावर भार असतो त्यानं सांगेपर्यंत हात काढायचे नसतात, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही.

"सोडा," ती म्हणाली.

मी हंडा सोडला. माझे दोन्ही हात मात्र हवेतच राहिले.

"वहिनी," मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही आत्मारामला 'सोडा' म्हणालात?"

ती पाठमोरी थांबली. हंड्यातलं थोडं पाणी तिच्या खांद्यावर सांडलं.

"नाय. कवल घ्यायचा ऱ्हायला होता."

"आणि नंतर?"

"नंतर कळला मला. तुमच्या आदी कळला." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "पन म्हटला तर सोडतील ना, भाऊ."

मला तिची फार कणव आली. कटर घेऊन आलो होतो मी, तिचा जीव वाचवायला. तिथे उन्हात उभं राहून मला आत्माराम दिसत होता, दाराच्या चौकटीला धरून उभा असलेला, वाकडा.

"वहिनी," मी म्हणालो, "त्याची पाठ."

हे मी म्हणालो. गोदीत यंत्रं शिकलेला माणूस.

घरी येऊन तिनं हंडा उतरवला, पदर खोचला आणि शिडी वळचणीला लावली. धोंडू कुंपणापाशी येऊन उभा राहिला. मी वाकून माझे दोन्ही टेकू काढून घेतले. काढताना त्यांना कसलाही भार लागला नाही.

मालन शिडी चढली. चौकटीवरचं कौल तिनं दोन्ही हातांनी उचललं, पुसलं, आणि भोकाच्या जागी बसवलं. पडवीतला उन्हाचा चौकोन गेला.

बसवलेल्या कौलावर तळवा ठेवून ती तशीच उभी राहिली. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

मग आला.

"घेतला मी. सोडा आता."

हात निघाले.

साखळी लोंबतच होती. सिलिंडर कोरडा होता. हात खाली येत होते, सावकाश, जरासुद्धा न खरवडता.

जमिनीपासून वीतभर वर ते थांबले.

मग अलगद टेकले.

धोंडूनं हात जोडले होते. कुंपणावर एक कावळा ओरडत होता, तेवढाच आवाज. मालन शिडीवरच कपाळ टेकून रडत होती, आणि तिला रडू द्यावं म्हणून मी पुढच्या बाजूला गेलो. दुसरं काय करावं ते न सुचून लिव्हर पाहिली. मी मधल्या खाचेत ठेवलेली लिव्हर, हात उतरवताना ओढतात तशी, खाली ओढलेली होती.

लुगड्याची पट्टी आज तिच्यावर गुंडाळलेली होती. मी हात लावला. पट्टी कोमट लागली, आणि ओलीचिंब. बोटं नाकाशी नेली. घामाचा वास होता.

मालन माझ्या मागे येऊन उभी राहिली. डोळे पुसून तिनं पट्टीचे वेढे उलगडले, रोजचं काम करावं तशी ती दोन्ही हातांनी पिळली. थेंब धुळीत पडले.

"रोज पिळून वाळत घालायची मी," ती म्हणाली. "आज वाळली की घडी करून ठेवीन."