मागच्यासाठी धरलेलं दार

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण अंजू माझी सख्खी मावसबहीण आहे आणि थापा मारणं तिच्या स्वभावात नाही. हे तिच्या डोळ्यांदेखत घडलं. नागपुरात, नंदनवनमधल्या त्यांच्या घरी. गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावस्या होती.

आणि वेळ भर दुपारची!

अंजूचा धाकटा भाऊ पंकज तेव्हा जर्मनीत शिकत होता. घराणं कोष्ट्यांचं. वडील बाबनराव हातमागावर लुगडी विणता विणता गेले, आणि पोरगा तिकडे कापडाचंच इंजिनिअरिंग करायला गेला. इथे होता तोवर पितरांच्या पानाला हसायचा. "कावळे पाळून राहिले तुम्ही," म्हणायचा. तिकडे वर्गातल्या पोरांनी विचारलं, तुम्ही लोक नक्की कोण, काय मानता? गड्याला धड उत्तर देता येईना. त्या रात्री म्हणे तो खूप रडला. घरापासून लांब गेल्यावरच त्याला घर आठवलं.

तर त्या दुपारी कुसुमावती, म्हणजे माझी मावशी, गच्चीच्या कठड्यावर वडे-खिरीचं पान ठेवून उभी होती. अंजूच्या हातात फोन. व्हिडिओ कॉलवर पंकज. तिकडे सकाळ होती.

"आई, मीबी पान ठेवलं!" त्याने टेबलावरचा दहीभात दाखवला.

मावशी हरखली. "बाबाचं नाव घेतलं नं?"

"बाबा तं तुमच्याकडंच येईन. मी म्हटलं, आमचं जे कोणी इथं असन, त्यानं येऊन जेवावं."

मावशीचा चेहरा उतरला.

"तिथं आपलं कोण हाये, बापा?"

तेवढ्यात कावळा आला. पानाला शिवला. म्हणजे बाबनराव इथेच जेवले.

आणि मग...

टक. टक.

आवाज फोनमधून आला. पंकजच्या खोलीचं दार वाजत होतं.

तिकडे न सांगता कुणी कुणाकडे जात नाही. जिवलग मित्रसुद्धा आधी मेसेज करतो. आपल्या शेजारणी थेट ओट्यापर्यंत घुसतात म्हणून पंकजच आईला चिडवायचा. पण सवय जाते होय? बसल्या जागेवरून तो नागपुरी थाटात ओरडला, "या नं, या!"

त्या इमारतीत मराठी कळणारं दुसरं कुणीच नव्हतं.

तरी... दार उघडलं.

बाहेरून किल्लीशिवाय न उघडणारं दार. कॉरिडॉरमधला दिवा लागलेला होता. माणूस चालला की आपोआप लागणारा दिवा.

माणूस मात्र दिसला नाही.

दार हळूच लोटलं गेलं. टेबलापाशी ठेवलेली दुसरी खुर्ची मागे सरकली... आणि दहीभात कमी होऊ लागला.

घासाघासाने.

"हात जोड!" मावशी किंचाळली. "म्हण, जेवले, आता जा!"

पंकजने हात जोडले. म्हणाला. सगळे दाराकडे बघत राहिले. दाराखालच्या फटीतला उजेड विझला होता.

बाहेरचा दिवा परत लागलाच नाही.

त्यानंतर पोरगा वाळत गेला. झोप नाही, अभ्यास नाही. "ताई, रूममंदी कोणीतरी बसून राहते," एवढंच म्हणायचा. मावशीने अन्न सोडलं. तिचा एकुलता एक मुलगा होता तो. शेवटी त्याला घरी बोलावलं.

तो आला, तेव्हा मावशी भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. अंजूला तिने आधीच बजावलं होतं, "तोंडातून 'ये' काढू नको." एका 'या'ने घात केला होता. तिने तुकडा ओवाळून टाकला. डोळ्यांतून धारा, पण ओठ घट्ट मिटलेले. एका शब्दाने पोराचं स्वागत केलं नाही. मनगट धरून त्याला आत ओढलं.

पण आत आल्यावर पंकज वळला... आणि त्याने दार धरून ठेवलं.

"काहून धरून राहिला?" अंजू म्हणाली.

"तिकडची सवय वं ताई. मागच्यासाठी धरतात."

मागे कुणीच नव्हतं. तरी एक माणूस आत यायला लागतो तेवढा वेळ त्याने दार धरलं.

मग सोडलं.

त्या दिवशी तो पोटभर जेवला, ढाराढूर झोपला. सुट्टी संपवून परत गेला. आता फोनवर हसून सांगतो, "रूम एकदम शांत हाये, आई." हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मावशीने देवापुढे साखर ठेवली.

आता घरात दोघीच राहतात. मावशी रोज तीन ताटं वाढते. तिसऱ्यावर कुणाचं नाव घेत नाही.

एकदा अंजू चिडली. "काहून वाढून राहिली वं आई? उपाशी ठेव. जाईन आपोआप."

"जाईन," मावशी म्हणाली. "पण कुठं जाईन?"

आणि तिने त्या ताटात आणखी भात वाढला.

परवा मी गेलो तेव्हा जेवायचीच वेळ होती. दोघी बसल्या होत्या, तिसरं ताट रिकाम्या जागी मांडलेलं होतं. मावशी म्हणाली, "बस."

मी चौथं ताट मागून घेतलं.